तिसरी हाक

हसा पोरांनो. जलपरी म्हटलं की मीही हसायचो. पण ही ऐकीव गोष्ट नाही. होडीनं माणसं पलीकडे सोडायचा, त्या आपल्या तरीवाल्याची आहे, आणि आम्ही दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेलो.

त्याची बायको डावखुरी. तिनं होडी बांधली की गाठ उलटी पडायची. तो चिडवायचा, "तुझी गाठ सोडायला तुलाच बोलवावं लागतं." ती म्हणायची, "मग बोलवा की."

दोन वर्षांपूर्वीची डिसेंबरची नऊ तारीख. ती पलीकडच्या काठाला आईला बघायला गेली होती. आठ वाजता हा तिला आणायला जाणार होता. नेमकं तेव्हाच इंजिन रुसलं. मोबाइल घरी चार्जिंगला. धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. साडेदहा वाजले तरी हा धक्क्यावर इंजिन खोलून बसलेला.

तेवढ्यात पाण्यातून हाक आली. "अहो..."

आवाज तिचाच. आणि तिथंच घोडं अडलं. पाण्यावर पोट असलेल्या माणसाला बापाची पहिली शिकवण हीच असते. अंधारात जलपरी आपल्याच माणसाच्या आवाजात बोलावते. ओ दिली की ओढून नेते. पण हाक मारते दोनदाच. तिसरी आली, तरच माणूस समजायचं.

"अहो... ऐकताय ना?"

त्यानं ओठ मिटले. तिसरीची वाट पाहिली.

आली नाही.

सकाळी तिच्या भावाची छोटी होडी उलटी सापडली. वाट पाहून ती एकटीच निघाली होती. धुक्यात तिला धक्का दिसत नव्हता. याच्या आवाजाच्या रोखानं आली असती. एक ओ, पोरांनो. एवढीच हवी होती. ती काही सापडली नाही.

मी म्हटलं, तुझा दोष नाही. तो म्हणाला, "आवाज ओळखला होता रे मी."

गेल्या वर्षी, त्याच तारखेला, मी त्याच्या सोबतीला धक्क्यावर बसलो. साडेदहा. धुकं.

मग...

"अहो..."

मीही ऐकली. एकदाच.

"तिसरी," तो म्हणाला. उठला. होडी सोडली. कुठल्या तोंडानं अडवणार होतो मी?

"आलो गं..."

मग वल्ह्याचा आवाज. मग तोही नाही.

रात्रभर मी तिथंच बसलो, डोळ्याला डोळा लागला नाही. धक्क्यावर कुणी आलं नाही.

उजाडलं. होडी धक्क्याला होती. रिकामी. बांधलेली.

दोर सोडायला गेलो. सुटेना.

गाठ उलटी होती.