दहा पावलांवरचे होकायंत्र

डोंगरमाथ्यावर सत्तावीस वर्षांपूर्वी रोवलेला हद्दीचा एक दगड सोमवारच्या आत शोधून काढणे, ही त्या मोहिमेची एकमेव कामगिरी होती. दगड सापडला तर त्याच्या अलीकडचा झरा पायथ्याच्या वस्तीचा. न सापडला तर खाणवाल्यांनी कागदावर ओढलेली रेघ खरी ठरणार, आणि ज्या झऱ्यावर दोनशे घरांची तहान भागते त्याच्या उरात सुरुंग ठासला जाणार! जुना नकाशा वाळवीच्या पोटात गेला होता. उपग्रहावर चालणारे यंत्र आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीस गेले ते गेलेच. तो दगड प्रत्यक्ष पाहिलेला, नव्हे स्वतःच्या खांद्यावरून वर नेलेला, असा एकच मनुष्य भूमापन कार्यालयात उरला होता. आणि नेमके त्यालाच नेण्यास कोणी धजत नव्हते.

तो मनुष्य म्हणजे कार्यालयाचा मोजणीदार. वय वर्षे छप्पन्न, पोटऱ्या दगडासारख्या. चार महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवण्यात आला होता. काडेपेटीएवढे ते यंत्र. हृदय रेंगाळू लागले की त्यास विजेचा सूक्ष्म टोला देऊन ताळ्यावर आणावे, एवढेच त्याचे काम. डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते की रुग्णाने चालावे, चढावे, पोहावे. फक्त वेल्डिंग व मोठे चुंबक यांपासून दूर राहावे. हेडक्लार्कने त्या पत्राचे शेवटचे चार शब्द तेवढे वाचले आणि फायलीवर लाल शाईने शेरा ठोकला: ‘क्षेत्रकामास निकामी.’

“निकामी?” मोजणीदाराने टेबलावर अशी थाप मारली की टाचण्यांची डबी उलटली. “मी काय फुटकी बादली आहे?”

“अहो, रागावता काय! तुमच्या भल्यासाठीच लिहिलंय,” हेडक्लार्क टाचण्या वेचीत म्हणाला. “खुर्चीत बसा, पंख्याखाली बसा, पगार घ्या.”

“चार महिने बसलोय! बसून बसून खुर्चीला माझा आकार आला!”

मागल्या टेबलावरून कोणीतरी विचारले, “घड्याळराव, किती वाजले हो?” आणि सारी खोली फिदीफिदी हसली. मोजणीदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. हृदय सावकाश चालत होते तेव्हा हीच मंडळी त्याच्या पाठीवर मोजणीची साखळी लादून त्यास डोंगर चढावयास लावीत होती. आता ते नीट चालू लागले, तर म्हणे निकामी! हा कोणत्या गावचा न्याय?

सुदैवाने नव्याने बदलून आलेल्या अधिकारी मॅडमना दगड हवा होता, शेरा नव्हे. त्यांनी विचारले, “काका, याल का?”

“काका नाही, मोजणीदार. येईन.”

हेडक्लार्कने अखेरची अट घातली की औषधोपचाराची माहिती असलेला एक इसम सोबत हवा. त्यावर मोजणीदाराच्या पत्नीने आपला धाकटा भाऊ पुढे केला. तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता.

“तुझा भाऊ?” मोजणीदार ओरडला. “अगं, तो जिना चढताना दोनदा बसतो!”

“म्हणून तर,” पत्नी त्याच्या बुटांची नाडी ओढून बांधीत म्हणाली. “त्याच्या निमित्तानं तुम्ही जरा सावकाश चालाल.”

याप्रमाणे शुक्रवारी सूर्योदयास तिघांचे ते पथक निघाले. पुढे मॅडम, मध्ये कंपाउंडर, मागे मोजणीदार.

पायथ्याच्या रानात काट्यांनी वस्त्रे फाडली, ओढ्याच्या शेवाळाने दोघांना लोळण घ्यावयास लावले. पण या अडचणी मोजणीदारास काहीच वाटल्या नाहीत. खरी अडचण मेव्हण्याची होती! दर अर्ध्या तासाला तो मनगट धरी. खडकावर पाय ठेवला की “दाजी, हळू!” पाणी प्यायला बसले की “दाजी, घटाघट नको!” आणि सर्वांत भयंकर म्हणजे त्याने होकायंत्रच जप्त केले होते.

“दाजी, ह्याच्यात चुंबक असतं. तुमच्या छातीजवळ नेलं नि मशीन बंद पडलं, तर ताईला मी काय तोंड दाखवू?”

“अरे, डॉक्टरांनी मोठं चुंबक सांगितलंय! ही सुई टाचणीएवढी. वीतभर लांब धरली की झालं.”

“वीतभर नाही, दहा पावलं! होकायंत्र बाहेर निघालं की तुम्ही दहा पावलं मागं.”

मॅडमनीही चिंतेने मान डोलावली, आणि नियम ठरला. सत्तावीस वर्षे ज्याने सुईच्या टोकावर हद्दी आखल्या, तो मोजणीदार दिशा पाहण्याची वेळ आली की वाळीत टाकल्यासारखा मागे उभा राही. होकायंत्र कंपाउंडरच्या बंडीच्या खिशात, पथकाच्या बिनतारी रेडिओच्या कुशीत, सुखाने झोपे.

पहिला मुक्काम मधल्या पठारावर झाला. तेथील थंडीने सर्वांच्या फोनांनी माना टाकल्या. शनिवारी दुपारी पथक माथ्याच्या खिंडीत पोहोचले, आणि त्याच क्षणी धुके उतरले! असे दाट धुके, की पसरलेल्या हाताची बोटे दिसेनात. वारा चाबकासारखा बसू लागला. आडोसा शोधीत तिघांनी चार मोठ्या शिळांना वळसे घातले आणि एका कपारीत तासभर अंग चोरून बसले. बाहेर आले तेव्हा कोणत्या बाजूने आत शिरलो हेच कोणास सांगता येईना.

खिंडीतून डोंगराची धार दोन्हीकडे जात होती. उत्तरेची धार दगडाकडे नेणारी. दक्षिणेची धार कड्यावर जाऊन तुटणारी.

“दाजी, मागं व्हा,” म्हणत कंपाउंडरने होकायंत्र काढले. मोजणीदार दात ओठ खात मागे सरला. मॅडमनी सुई पाहिली. “उत्तर ही. चला!” तिघांनी कमरेला एकच दोर बांधला आणि धार धरली.

शंभर पावले गेल्यावर मोजणीदाराचे लक्ष पायाखालच्या खडकाकडे गेले. या डोंगराचे थर एखाद्या कलंडलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे उगवतीकडे उतरतात, हे त्याच्या तळव्यांना पाठ होते. उत्तरेस चालताना ते उजवीकडे उतरले पाहिजेत. हे तर डावीकडे उतरत होते!

“मॅडम, थांबा! आपण उलटे चाललोय!”

“होकायंत्र सरळ दाखवतंय, काका.”

“मग होकायंत्र चुकतंय. मला एकदा बघू द्या!”

“दाजी, उंचीवर होतं असं,” कंपाउंडर कळवळून म्हणाला. “रक्त कमी पोचतं, भास होतात. नाडी दाखवा बघू.”

मोजणीदाराचा संताप अनावर झाला. “छातीत यंत्र बसवलं, डोकं नाही काढून घेतलं! चार महिने झाले, मी म्हणालो भूक लागली तरी म्हणता पेसमेकरमुळे असेल! अरे, खडक बघा खडक!”

कोणी खडक पाहिला नाही. ज्याची चिंता करावी त्याचे ऐकू नये, असा जणू जगाचा नियमच आहे. मॅडम पुढे निघाल्या. दोर ताणला गेला, आणि मोजणीदारास पाऊल उचलणे भाग पडले. तथापि तो दोराच्या टोकाला, मुद्दाम मागे, पक्का खडक पाहूनच पाय ठेवीत राहिला.

आणि ज्याची भीती होती तेच झाले!

कंपाउंडरच्या पायाखालची खडी सुटली. तो उजव्या अंगास पडला. घसरला! “ताईऽऽ!” अशी एकच किंकाळी उठली. दोराच्या हिसक्याने मॅडम पालथ्या पडल्या आणि त्याही उताराकडे ओढल्या जाऊ लागल्या. खडी गडगडत खाली गेली. ती कशावर आदळल्याचा आवाज मात्र आलाच नाही!

मोजणीदाराने विचार केला नाही. त्याने शेजारच्या उभ्या शिळेमागे झेप घेतली. दोर शिळेला फिरला. करकरला. थांबला! त्याने दोन्ही टाचा फटीत रोवल्या आणि पाठ मागे टाकली. हृदय धडधडू लागले. एक, दोन, एक, दोन. न चुकता.

“मॅडम, उठू नका! पोटावर सरपटत माझ्याकडे या!”

मॅडम आल्या. दोघांनी मिळून दोर ओढला. हात हात करीत, वीत वीत करीत कंपाउंडर वर आला, चष्म्याविना आणि एका बुटाविना. आल्याबरोबर त्याने सवयीने मोजणीदाराचे मनगट धरले.

“एकशे दहा,” तो धापा टाकीत म्हणाला. “अगदी छान, दाजी! आणि माझी?”

मोजणीदाराने त्याचे मनगट धरले. “तुझी मोजता येत नाही. नुसती थरथर आहे.”

त्याच वेळी वाऱ्याने धुक्याचा पडदा क्षणभर फाडला. पुढे वीस पावलांवर पृथ्वी संपली होती! तो दक्षिणेचा कडा होता. तरुणपणी मोजणीदाराने स्वतः त्याची उंची मोजली होती.

“आता ते इकडे द्या,” मोजणीदार म्हणाला. या वेळी कोणी दहा पावले म्हटले नाही. त्याने होकायंत्र हातभर लांब, सपाट खडकावर ठेवले. सुईचे उत्तर दाखवणारे लाल टोक सरळ कड्याकडे रोखले होते.

“हे कुठं ठेवत होतास?”

“खिशात. रेडिओजवळ. तुमच्यापासून लांब राहावं म्हणून.”

“रेडिओच्या भोंग्यामागं केवढं चुंबक असतं, ठाऊक आहे?” मोजणीदाराने त्याला रेडिओ जवळ आणावयास लावला. सुई पिसाटासारखी गरगरली. “दोन दिवस तू तिला त्याच्या शेजारी निजवलंस. तिची टोकं उलटली! माझ्या छातीला जपता जपता तिघांचे जीव कड्यावर नेलेत. आणि भास म्हणे मला!”

मॅडम हळूच म्हणाल्या, “चूक माझीही आहे. खडक बघायला हवा होता. आता होकायंत्र गेलं. खाली उतरू या. दगड राहू दे.”

“गेलं कुठं?” मोजणीदार उठला. “उलटं दाखवतं, पण न चुकता उलटं दाखवतं. लाल टोक सोडा, पांढरं धरा. आणि पुढं मी चालतो!”

पांढरे टोक धरून ते मागे वळले. खिंड ओलांडली. थर उजवीकडे उतरू लागले. दीड तासाने धुक्यातून मोजणीदाराच्या खुणेचा एक दुभंगलेला सुळका वर आला. मोजणीदार गुडघ्यांवर बसला आणि सुळक्याच्या तळाचे शेवाळ नखांनी खरवडू लागला. प्रथम काळा दगड, मग छिन्नीची फुली, आणि फुलीखाली त्याच्याच हाताने कोरलेले वर्ष! खालच्या बाजूस, दगडाच्या अलीकडे, झऱ्याची खळखळ स्पष्ट ऐकू येत होती. त्याने दगडावर पंजा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मॅडमनी मापे घेतली. रेडिओवरून पायथ्याच्या चौकीस वर्दी गेली. मग मोजणीवही उघडून त्या लिहू लागल्या, “दगड मिळाला. मोहिमेत होकायंत्र निकामी—”

“खोडा!” मोजणीदार एवढ्याने गरजला की कंपाउंडरने उरलेला बूट हातातून टाकला. “खोडा तो शब्द! त्यानंच आणलं आपल्याला इथवर.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. मग रेघ मारून तो शब्द खोडला आणि लिहिले: ‘होकायंत्राची सुई उलटी आहे. वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. कामास योग्य.’

“आणि खाली उतरल्यावर,” मोजणीदार दोर गुंडाळीत म्हणाला, “ती लाल शाईची फाइल घेऊ. तिथंही एक शब्द खोडायचाय.”