उजव्या बाजूचा खिसा

"साहेब, माझा नवरा जिवंत आहे."

गुलाबवाल्या बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. मदत-चौकशी कार्यालयाच्या खिडकीवर 'पारदर्शक कारभार' हा फलक इतका ऐसपैस लावला होता, की भर दुपारी दिवा लावावा लागे. तपासनीसांनी मोबाइल दिव्याखाली धरला.

साथीत बाजार बंद पडला आणि गुलाब झाडावरच सुकले. सरकारने फूलशेतकऱ्यांना मदत दिली. ती कोणाला मिळाली हे सगळ्यांना दिसावं, म्हणून प्रत्येकाचा शेतातला फोटो संकेतस्थळावर टाकला. या फोटोत मास्क लावलेला एक माणूस गुलाबांत उभा होता. खाली बाईंच्या नवऱ्याचं नाव होतं. तारीख मात्र तो गेल्याच्या महिनाभरानंतरची.

"तोंड तर झाकलंय. ओळखलंत कशावरून?"

"हाच चौकड्यांचा शर्ट घालून हे दवाखान्यात गेले. आणि कात्री बघा, डाव्या हातात. हे डावखुरे होते." बाई थांबल्या. "आहेत."

"शेवटचं दर्शन?"

"कोणाला जाऊच दिलं नाही. एकटे भाऊजी गेले होते."

"दवाखान्यातलं सामान?"

"तेही जाळलं, म्हणाले."

तपासनीसांनी फोटो मोठा केला. शर्टाचा खिसा माणसाच्या उजव्या छातीवर होता. चोर सापडला तर या बाईंचा नवरा दुसऱ्यांदा मरणार होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिराला बोलावलं. तो फुलांचा टेम्पो चालवायचा. त्याने उजव्या हाताने सही केली आणि वहिनीपासून लांबची खुर्ची धरली.

"भावाचे पैसे कोणी उचलले?"

"मला काय माहीत? फॉर्म भरणाऱ्या दलालाला धरा."

"दलालाने समोर उभं राहून काढला असता, तर फोटो सुलटा आला असता. शर्टाचा खिसा डावीकडे असतो, इथे उजवीकडे आहे. म्हणजे फोटो आरशासारखा उलटा आहे. कुणीतरी फोन कशाला तरी टेकवून, पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःच काढलाय. फोन धरायला दुसरा माणूस घेतला नाही, कारण बोभाटा नको होता. फोटो उलटा, म्हणजे कात्रीही उजव्या हातात. हा माणूस डावखुरा नाही."

दिराने खुर्ची आणखी मागे सरकवली.

"राहिला शर्ट. दवाखान्याची पिशवी तुमच्याकडेच आली. ती जाळली असती, तर शर्ट महिन्याने शेतात आला कुठून? खिशात बँकेचं कार्डही असेल."

"होतं," दीर पुटपुटला. "टेम्पोचे हप्ते थकले होते, वहिनी. म्हटलं, तुम्ही कुठे संकेतस्थळ बघायला जाताय."

"पैसे वसूल करून देतो, ताई," तपासनीस म्हणाले. आपलंच बोलणं त्यांना फार पोकळ वाटलं.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. "भाऊजी, त्या दिवशी ह्यांचं तोंड पाहिलंत तुम्ही?"

"मृतदेहाच्या पिशवीची चेन लावलेली होती. वर नावाची चिठ्ठी होती. मी चिठ्ठी वाचली."

"मग आत हेच होते कशावरून?"

बाई तपासनीसांकडे वळल्या.

"तुम्ही एवढं सगळं शोधलंत, साहेब. आता एवढंच सांगा."

तपासनीसांनी मोबाइल पुन्हा दिव्याखाली धरला. त्या दिवसाचा फोटो कोणीच काढून ठेवला नव्हता.