मागच्या खोलीचं तापमान

मयुरीचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो रविवारी, दहा मेला, दुपारी सव्वादोनला. रावेरात त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. स्क्रीन काळी झाली, पंख्यांची घरघर थांबली आणि मयुरीनं कानांवरचा हेडफोन काढून गळ्यात घेतला. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "गेली एक."

म्हणजे काय, ते तिच्या वडिलांना, योगराजला, जेवताना कळलं. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या नाशिकच्या एका संघानं तिला पाचवी खेळाडू म्हणून चाचणीवर घेतलं होतं. मे महिन्यातल्या रविवारी सामने होते. निवड झाली, तर नाशिकला राहून पगारावर खेळायचं. पण सामना चालू असताना दोनदा बाहेर फेकली गेली, की नाव कमी. त्यातली एक संधी आज गेली होती.

"गरमीनं बंद पडतो तो," मयुरी म्हणाली. "सत्त्याण्णव डिग्री झाली की आपोआप."

डिग्री म्हटल्यावर योगराजचा हात भाकरीवरच थांबला. तापमान हेच त्याचं काम होतं. रावेरच्या एका केळी पिकवणी केंद्रात तो सतरा वर्षं चेंबर सांभाळत होता. हिरवी केळी आत जायची, सतरा-अठरा अंशांवर चार-पाच दिवस राहायची आणि पिवळी होऊन ट्रकमध्ये चढायची. अंशाचा फरक पडला तरी माल बिघडतो. दर चार तासांनी फळात सळईचा थर्मामीटर खुपसून आकडा लिहायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

त्यानं जळगावला हितेंद्रला फोन लावला. हा कॉम्प्युटर त्यानंच जुने भाग जमवून बांधून दिला होता.

"भाऊ, मे महिन्यात जळगावात माणसं बंद पडतात, तिथे यंत्राचं काय घेऊन बसलात?" हितेंद्र हसला. मग कामाचं बोलला. आधी ब्लोअरनं धूळ काढा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडी झाली असेल, ती पुसून दीडशे रुपयांची नवी लावा. डबा जमिनीवर नको, भिंतीपासून वीतभर पुढे हवा. एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढून टेबलफॅन लावा. सेटिंगमध्ये जाऊन वेग थोडा बांधून टाका, खेळात फरक कळणार नाही. "आणि कूलर समोर ठेवू नका. ओलाव्यानं बोर्ड जाईल."

दोन दिवसांत बापलेकीनं सगळं केलं. धूळ निघाली ती मूठभर. पेस्ट लावल्यावर सत्त्याण्णवचे एक्याण्णव झाले, झाकण काढल्यावर शहाऐंशी, वेग बांधल्यावर ब्याऐंशी. योगराजनं स्लॅबवर चुनासुद्धा मारला. त्यानं भिंतीवर कागद चिकटवून वेळ आणि आकडा लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बायको ज्योती म्हणाली, "तिथी बी डिग्री, इथी बी डिग्री. माह्या चुलीची कवा मोजसान?"

पण कूलरशिवाय मयुरीला त्या खोलीत बसवेना. पाठीवर घामोळ्यांची चादर उठली होती. म्हणून बुधवारी, तेरा मेला, योगराजनं मागची खोली रिकामी केली.

घर सिमेंटचं असलं तरी मागे जुनी मातीच्या भिंतींची, धाब्याची एक खोली तशीच राखलेली होती. दीड हात जाड भिंती. आत ठिबकच्या नळ्या आणि रिकामी कॅरेटं पडलेली असायची. त्या खोलीला कसलाही इतिहास नव्हता. तिथे कोणी मेलेलं नव्हतं, काही पुरलेलं नव्हतं. हे योगराजनं नंतर चार जणांना विचारून खात्री करून घेतलं.

कोपऱ्यात दोन कॅरेटं पालथी घातली, त्यावर कॉम्प्युटर मांडला. खेळ चालू असताना आकडा आला सहासष्ट. मयुरीनं टाळी वाजवली. योगराजनं मग चेंबरवाला माणूस करील तेच केलं. थंडी हाताशी आली की ती गळू द्यायची नाही. खिडकीत थर्माकोल बसवला, फटीत केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे ठोकले, दाराच्या कडेला रबरी पट्टी लावली. दार लावलं की बाहेरच्या रस्त्याचा आवाजही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयुरीनं फोनवर आकडा कळवला: अठ्ठावन्न.

"भाऊ, आता पोरीले गेम खेयाले इथलं एक चेंबरच दे," केंद्रावरचा म्हातारा हमाल जीवराम म्हणाला. "केयी पिकतीन अन् पोरगी बी जिकीन."

योगराज हसला. पण घरी येताना रेल्वे फाटकापाशी मोटारसायकल थांबली आणि त्याचं हसू विरलं. चेंबरमध्ये थंडी तयार होत नाही. आतली उष्णता यंत्र उचलतं आणि बाहेर फेकतं, म्हणून तर यंत्रामागे उभं राहवत नाही. बंद चेंबरचं यंत्र बिघडलं तर नुसत्या फळांच्या उबेनं आतला आकडा चढतो. आणि त्यानं काय केलं होतं? चारशे वॅटचा कॉम्प्युटर म्हणजे शेगडीच; ती एका खोलीत पेटवून खोली चारी बाजूंनी बंद केली होती. तिथे आकडा चढायला हवा होता.

घरी आल्या आल्या त्यानं सळईचा थर्मामीटर काढला. पुढची खोली एक्केचाळीस. मागची खोली छत्तीस. कोपरा तेहेतीस.

जाड भिंती आहेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सतरा मेचा सामना मयुरीच्या संघानं जिंकला. तिच्या हातात काहीतरी आलं होतं. बोटं अशी चालत होती, की पलीकडचा गडी दिसायच्या आधीच तिला ठाऊक असावा. "इथं बसलं ना पप्पा, की डोकं एकदम स्वच्छ होतं," ती म्हणाली. घामोळ्या गेल्या होत्या. ती दिवसाचे सात-आठ तास आत बसू लागली. पाण्याची बाटली सकाळी भरलेली, संध्याकाळी तशीच भरलेली सापडायची.

वीस मेला खेळ चालू असताना स्क्रीनवरचा आकडा एकतीस होता. कोपऱ्यातली हवा तेहेतीस होती.

"सेन्सर गेला असेल," हितेंद्र म्हणाला. "पंख्यानं वस्तू हवेइतकी गार होते, भाऊ. हवेहून गार होत नाही. देव आला तरी नाही."

योगराजनं डब्यामागे तळहात धरला. पंखा वारा फेकत होता, आणि तो वारा गार होता. तो बाहेर पडून बोळात गेला. उन्हानं तापलेल्या भिंतीला हात टेकवत नव्हता. कोपऱ्याच्या पाठीमागे, ताटाएवढ्या जागेत, माती गार होती. इकडेही नाही, तिकडेही नाही. उष्णता कुठेच बाहेर पडत नव्हती.

शुक्रवारी त्यानं केंद्रातून हिरव्या केळीची एक फणी आणून कोपऱ्यात ठेवली. रविवारी सामना संपल्यावर उचलली. मयुरी जिंकली होती, ज्योती पेढे वाटायला शेजारी गेली होती. फणीच्या सालीवर राखाडी छटा आली होती. त्यानं चाकूनं साल सोलली. सालीखाली तपकिरी रेघा होत्या. केळी तेरा अंशांच्या खाली राहिली, तरच अशा रेघा पडतात. सतरा वर्षांत त्यानं त्या दोनदा पाहिल्या होत्या, दोन्ही वेळा यंत्राचा काटा अडकला होता.

कोपऱ्यात थर्मामीटर एकोणतीस दाखवत होता. त्यानं तो बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला. थर्मामीटर बरोबर होता.

तीस तारखेला त्यानं मयुरीला सांगितलं, "उद्यापासून त्या खोलीत बसायचं नाही."

"उद्या शेवटची मॅच आहे, पप्पा."

"पुढच्या खोलीत खेळ."

"पुढे पुन्हा बंद पडला तर? दुसऱ्यांदा गेले की संपलं, माहितीये ना तुम्हाला?"

"पोरगी महिनाभर राबू राह्यली," ज्योती स्वयंपाकघरातून म्हणाली. "अन् तुम्ही केयीच्या सालीवरून तिले उठवता का?"

त्यानं भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. सगळे आकडे चांगले होते. शेवटी ठरलं ते असं: दार उघडं राहील आणि योगराज शेजारी बसेल.

एकतीस मे, दुपारी दोन. त्यानं दार सताड उघडून विटेनं अडवलं. बाहेरची झळ उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्यानं हात पुढे करून पाहिलं. बोटं उन्हाळ्यात होती, मनगट नव्हतं.

तो स्टुलावर बसला. थंडी वाजत नव्हती. अंगावर काटा नव्हता. अंगातलं काहीतरी सावकाश, न दुखता, कमी होत चाललंय, इतकंच जाणवत होतं. आणि ते वाईट वाटत नव्हतं. मयुरी का उठत नाही, ते त्याला कळलं.

ज्योतीनं उकळता चहा आणून ठेवला. ती वळायच्या आत त्यावरची वाफ गेली.

मयुरीची बोटं चालत होती. बाकी काही हलत नव्हतं.

"मयुरी."

कळांची टकटक चालूच राहिली.

"बेटा, इकडे बघ."

ती पापणी लववत नव्हती. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली. साठ झाले. शंभर झाले. स्क्रीनवर कोणीतरी पडलं, हेडफोनमधून पोरांचा जल्लोष ऐकू आला. तिच्या चेहऱ्यावर रेघ उमटली नाही.

त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला.

चेंबरमधून काढलेल्या फळाला हात लावावा, तशी ती मान होती.

त्यानं वायर उपटली.

पंखे फिरत फिरत थांबले. मयुरीनं हळूच हेडफोन काढला आणि बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"दोन मिनिटं राहिली होती," ती म्हणाली.

घरातल्या थर्मामीटरनं ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवला. सोमवारी सकाळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. रक्तदाब ठीक, नाडी ठीक. "पोरगी ठणठणीत आहे. हिरमुसली आहे, एवढंच. लिंबू-सरबत द्या." नाशिकहून नाव कमी केल्याचा निरोप आला तो तिनं वाचला आणि फोन उशाशी पालथा ठेवला.

कॉम्प्युटर केळीच्या गाडीतून जळगावला गेला. संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला. "टेबलावर लावला, भाऊ. अठ्ठ्याऐंशीला गेला. एकदम नॉर्मल आहे."

योगराज मागच्या खोलीत गेला. पट्टी काढली, पुठ्ठे काढले, थर्माकोल काढला. कोपऱ्यात एक्केचाळीस अंश होते. तो तिथे अर्धा तास बसला आणि घामानं निथळला. इतका घाम आल्याचा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

मयुरी आता पुढच्या खोलीत झोपायची. आईशी बोलायची, जेवायची. ज्योती दुपारी तिच्याशेजारीच कलंडू लागली. "पोरीजवय निजलं का कशी झोप लागते," ती म्हणाली. पोरीला आईचा आधार हवा असेल, असं योगराजला वाटलं. भिंतीवरचा कागद त्यानं फाडून टाकला.

गुरुवारी, चार जूनला, तो अडीचला जेवायला घरी आला. गावातली लाईट सकाळपासून नव्हती. रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ताट वाढलेलं नव्हतं.

पुढच्या खोलीत पंखा बंद होता. खिडकीतून झळ येत होती, पण गादीच्या कडेपर्यंतच. दोघी खाली गादीवर होत्या. ज्योती कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, गळ्यापर्यंत गोधडी ओढून झोपली होती. गोधडीवर रजई होती. रजईवर सोलापुरी चादर.

"ज्योती," त्यानं हाक मारली.

मयुरी जागी होती. आईच्या केसांवरून ती हळूहळू हात फिरवत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"उठवू नका, पप्पा. आत्ता कुठे शांत झालीये," ती अगदी मायेनं, हलक्या आवाजात म्हणाली. "तिला अजून एक पांघरूण द्या ना."

योगराज कपाटाकडे वळला. कपाट उघडंच होतं. आत एकही पांघरूण उरलेलं नव्हतं.