राईस मिलजवळ चालायचं

प्रणितला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांत हरवला होता.

ती दुसरी म्हणजे राईस मिलची कुत्री. रंगाने तांबडी, एक कान फाटलेला, आणि त्या क्षणी सगळे दात बाहेर. गडचिरोलीहून आरमोरी रोडने कठाणी नदीच्या पुलाकडे निघालं की उजव्या हाताला ही मिल लागते. दिवस धान कापणीचे होते. धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, धुकं अजून लोळत होतं, मिलच्या कोंड्याचा उबदार वास रस्त्यावर येत होता... आणि त्या सगळ्या सुंदर वातावरणात एक उंच मुलगा रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा राहून कुत्रीकडे टक लावून बघत होता. ती गुरगुरत एक पाऊल पुढे आली. हा जागचा हलेना. पापणीसुद्धा नाही.

मी ओरडले, "नजर खाली कर!"

"नाई काढत नजर," तो तिच्याकडे बघतच म्हणाला.

"अबे, चावंल ना ते! खाली पाह्य! हात खाली सोड अन् तिरपा हो!"

का कोण जाणे, त्याने ऐकलं. मी स्वतः अंग तिरकं केलं, हात मांड्यांशी ठेवले आणि डांबराकडे बघत हळूहळू मागे सरकायला लागले. माझं बघून तोही तसाच सरकला. कुत्री दोनदा भुंकली, थांबली, मग कोंड्याच्या ढिगाकडे वळली. ढिगाच्या उबेत तिची पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती.

"पागल हायेस का तू?" मी विचारलं.

"आमच्या इकडं वाघ समोर आला तं असंच करतेत," तो अगदी शांतपणे म्हणाला. "पळाचं नाई. पाठ दाखवाची नाई. त्याच्या डोळ्यात डोळे टाकून मांगं मांगं सरकाचं."

"तुमच्या इकडं म्हणजे कुठी?"

"मोहर्ली."

म्हणजे ताडोबाच्या गेटवरचं गाव. त्याचे वडील तिथे सफारीची जिप्सी चालवतात, आणि हा यंदा बारावीसाठी गडचिरोलीत मामाकडे राहायला आलेला. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं.

"पळाचं नाई, पाठ दाखवाची नाई, हे बरोबर हाये," मी मास्तरणीसारखी म्हणाले. "पण नजर? कुत्र्याले नजर देणं म्हणजे 'ये, भांड माह्यासंगं' म्हणणं होते. तू वाघाचा कायदा कुत्रीले लावून राह्यला!"

तो विचारात पडला. "म्हणजे मी इतका वेळ तिले चिडवून राह्यलो होतो?"

"हाव."

"तिले वाटलं असंल, काय बेशरम पोरगा हाये."

"मलेबी तेच वाटलं."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते. हे मी फक्त माहिती म्हणून सांगते आहे.

माझं नाव दिव्यानी. मीसुद्धा बारावीत आहे, पण दुसऱ्या शाळेत. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायची नाही. यंदा तालुक्याच्या क्रॉसकंट्रीत पहिली आले आणि तेव्हापासून मी सगळ्यांशी बोलते, ज्यांना माझ्याशी बोलायचं नसतं त्यांच्याशीही. पुढची स्पर्धा जिल्ह्याची होती. शाळेचं मैदान भिंतीच्या कामासाठी खणून ठेवलेलं, त्यामुळे सरावाला मोकळा असा हा एकच रस्ता.

आणि आईची अट होती. माझी आई, आशा सिस्टर, दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत असते. कुत्रा चावलेले लोक रोज तिच्यासमोर बाही वर करून बसतात. मागच्या वर्षी त्यांच्यात मीही होते. कुत्रा अंगावर आला, मी जीव खाऊन पळाले आणि त्याने माझी पोटरी धरली. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा पळतोच, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर आईने सांगून टाकलं, "आता एक ओरखडाबी आला ना दिव्यानी, तं तुहे बूट माळ्यावर." माझी आई गंमत करत नाही. इंजेक्शन देणाऱ्या बायका सहसा करत नाहीत.

तर... दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रस्त्यावर होता. तिसऱ्या दिवशीही. मग आम्ही सोबत पळायला लागलो. ठरवलं कुणीच नाही.

मी त्याला नियम शिकवले. कानात हेडफोन घालायचे नाहीत. मिल आली की पळणं बंद, चालायचं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचं, म्हणजे कुत्री आणि तिची पिल्लं यांच्यामध्ये आपण येत नाही. ती अंगावर आलीच तर झाडासारखं उभं राहायचं. पडलोच तर अंगाचं मुटकुळं करून हाताने मान झाकायची. आणि बोलायचं असेल तर हळू आवाजात, सरळ, न घाबरता.

हे शेवटचं त्याने फारच मनावर घेतलं. मिलजवळ आला की डांबराकडे बघत तो कुत्रीशी बोलायचा.

"नमस्कार बाई. आमी जाऊन राह्यलो. तुमच्या लेकराईले हात नाई लावत."

"जास्त बोलू नको."

"तिच्याशी बोलून राह्यलो, तुह्याशी नाई."

"मंग माह्याकडं काऊन पाहून राह्यला?"

"तूच तं म्हणली, तिच्याकडं पाहाचं नाई. मंग कुठी पाहू?"

"खाली!"

"खाली डांबरच हाये नुसतं. तेई फुटलेलं..."

मला हसू आलं तर मी दवाचा बहाणा करून चेहरा पुसायची. पहाटे दव बरंच असतं आमच्याकडे.

तो माझ्यापेक्षा वेगात पळतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तरी पुलावर पोचलं की तोच कठड्याला टेकून धापा टाकायचा. "थांब ना जरा, दमलो मी." खाली कठाणीचं पाणी वाळूतून बारीक वाहत असायचं, बगळे उभे असायचे. त्याचा श्वास मात्र एकदम नीट चाललेला. मी एकदा विचारलं, "दमला, तं घाम कुठी हाये?" तो म्हणाला, "आमच्या मोहर्लीत उशिरा येते घाम."

असं चालू होतं. मी घरी काही सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

मग एका शनिवारी तो आला नाही. मोहर्लीला आजी आजारी होती, तो आदल्या संध्याकाळच्या बसने गेला होता, हे मला नंतर कळलं. मी एकटीच निघाले. मिल आली तशी चालायला लागले, पलीकडच्या कडेने, नजर खाली. सगळे नियम बरोबर. तेवढ्यात मागून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत सुसाट आली. कुत्री तिच्यावर धावली, गाडी निघून गेली, आणि कुत्रीच्या रागाच्या वाटेत उरले फक्त मी.

मी पळाले नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे. पाय पळू पळू करत होते, पण मी झाडासारखी उभी राहिले. तिने उडी घेतली, तिचा पंजा माझ्या नडगीवरून खाली घसरला... मग ती माझे बूट हुंगत उभी राहिली आणि परत गेली.

पायावर एक लाल रेघ होती. बारीक, नखाची. पायमोजा वर ओढला असता तर कुणाला दिसलीही नसती.

पुलाकडे न जाता मी माघारी फिरले. पायमोजा वर ओढायचा विचार मला घरापर्यंत पुरला. जिल्ह्याची स्पर्धा दहा-बारा दिवसांवर होती. पण इंजेक्शनच्या खोलीबद्दल आई जेवताना जे बोलते ते ऐकत मी मोठी झाले आहे. रेघ बारीक असली तरी आजार बारीक नसतो. घरी पोचले, नळाखाली पाय धरला, साबण लावून बराच वेळ धुतला, आणि तशीच ओल्या पायाने स्वयंपाकघरात गेले.

"आई, कुत्रीचं नख लागलं."

आईने गॅस बंद केला. पाय पाहिला.  मला दवाखान्यात नेलं, सुई दिली, दुसरी कधी घ्यायची ते सांगितलं. घरी आल्यावर स्टुलावर चढून तिने माझे बूट माळ्यावर ठेवले. मी रडले नाही. म्हणजे, तिच्यासमोर नाही.

सोमवारी आईची ड्युटी सुरू असताना मी खोलीच्या बाहेर बाकावर बसले होते, डबा द्यायला आले होते. तेवढ्यात समोरून प्रणित. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. माझ्या मैत्रिणीकडून, रंजीताकडून, त्याला सगळं कळलं होतं. तो माझ्यासमोरून सरळ आत गेला. मी धावत मागे.

"सिस्टर, दिव्यानीची चूक नाई," तो आईला म्हणाला. "ते सगळे नियम पाळते. मले माहीत हाये."

आई सुई भरत होती. "तुले कसं माहीत?"

"मी रोज तिच्या सोबतच पळतो ना!"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाही वर करून बसलेले एक आजोबाही माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला घेतलं.

"रोज?" आई म्हणाली.

आता कुठे त्याला कळलं की आपण काय बोललो. कुत्रीसमोर न हलणाऱ्या या मुलाचे आईसमोर कान लाल झाले. पण तो मागे सरकला नाही. "हाव काकू. रोज. रविवार सोडून."

"काकू? आता सिस्टर होते ना मी?"

"ते... हाव, सिस्टर."

आजोबा म्हणाले, "पोरगा खरं बोलते बाई. सुई हळू द्याल."

आईने त्यांना सुई दिली, कापूस दाबला आणि आमच्याकडे वळली. "उद्या सकाळी मले ते कुत्री दाखवा. दोघंबी."

आई धुक्यात, अंगावर शाल, पायात चप्पल, अशी आमच्या मधोमध चालत मिलपर्यंत आली. कुत्री उठली, गुरगुरली. आईने तिच्याकडे नाही, ढिगाकडे पाहिलं.

"बाळंतीण हाये ते," ती म्हणाली. "रस्त्याच्या काठावर बाळंत झाली, मंग कोणाले जाऊ देईल?"

हे मला रोज दिसत होतं. मी नियम शोधत बसले. कुत्रीला नेमकं काय हवं आहे, हे विचारलंच नाही.

मिल झाडणाऱ्या बायनाबाई या कुत्रीला भाकर घालतात, त्यांचं ती ऐकते. आई त्यांच्याशी बोलली. मागच्या भिंतीआड शेड आहे, तिथे कोंडा टाकून जागा करता येईल असं बायनाबाई म्हणाल्या. त्यांनी कुत्रीला भाकर दाखवत शेडमध्ये नेलं, आणि ती खात असताना एकेक पिल्लू पदरात घेऊन तिच्यासमोर आणून ठेवलं. आम्हाला फाटकाबाहेर उभं केलं होतं. शेवटचं पिल्लू ठेवलं तेव्हा कुत्री खाणं सोडून सगळ्यांना चाटायला लागली. मग आडवी झाली. रस्ता मोकळा झाला.

 परत येताना आई आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"नख लागलं ते तू लपवलं नाई," ती मला म्हणाली. "म्हणून बूट काढून देते. पण अट हाये."

"कोणती?"

तिने प्रणितकडे पाहिलं. "पळा सोबत. पण दोघाईच्या मधात एक खंबा पाहिजे. लाईटचा. बारावी होईपर्यंत."

"एका खांबाचं अंतर?" प्रणितने विचारलं.

"तुले दोन पाहिजे का?"

"नाई नाई काकू! एक बस हाये."

तर आता आम्ही असे पळतो. मी पुढे, आणि एका खांबाएवढा मागे तो. बोलणं बंद, कारण एवढ्या लांबून बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणाऱ्या बाया. चार दिवस आम्ही असे मुक्यानेच पळालो. मला फक्त त्याच्या बुटांचा आवाज ऐकू यायचा. तो माझ्या बुटांच्या तालावर पडायचा. मी वेग वाढवला की तो वाढायचा, कमी केला की कमी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पुलाच्या अलीकडे तो आवाज थांबला. मी वळून पाहिलं. तो रस्त्यात उभा होता, कमरेवर हात, आणि या वेळी खरोखर घामाने भिजलेला.

"दिव्यानी!"

"काय झालं?"

"मले..." तो थांबला. बांधीतल्या बायांचे विळे थांबले. "मले तू आवडतेस!"

एवढ्या लांबून. एवढ्या मोठ्याने. बगळेसुद्धा उडाले.

बाया खदखदून हसल्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "अवो माय, जवाब दे ना त्याले! पोरगं उनात उभं हाये!"

ऊन नव्हतंच खरं तर. नुकतंच धुकं विरळ होत होतं. माझं तोंड मात्र तापलं होतं. मागच्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून पळून गेले असते.

मी दोन्ही हातांचा कर्णा केला.

"मलेबी!" मी ओरडले. "पण खंबा सोडू नको! आई पाहाले येते कधी कधी!"

आणि मी वळून पळाले. जिंकायला पळतात तशी. मागे बायांचा हशा होता, आणि त्या हशातून धावत येणारी त्याची पावलं... अगदी एका खांबावर.