मंगळवारचं माप

वर्षापूर्वी कारखान्याचे मॅनेजर पृथ्वीराज सरांनी जिना उतरता उतरता सांगितलं होतं, सिस्टीममध्ये ते जुनं काय पडलंय ते काढून टाका, आणि उत्कर्षानं काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई विभागातले सगळे स्क्रीन कोरे. कुठल्या शाळेचे गणवेश कुठल्या टेबलावर अडकलेत ते दोन दिवस कुणाला कळेना. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सर म्हणाले, मॅडमनी न विचारता डिलीट केलं.  जुळे सोलापूरला घरी पोचेपर्यंत स्कूटीच्या हँडलवर उत्कर्षाच्या मुठी अशा आवळलेल्या होत्या, की कणीक मळताना बोटं दुखली.

त्या रागातून तिची निळी वही सुरू झाली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला तो कारखाना शाळांचे गणवेश शिवायचा. सगळं कामकाज आकड्यांच्या एका सॉफ्टवेअरवर चाले. त्यात प्रत्येक कामाची एक वर्कस्पेस, म्हणजे सामायिक खोलीच म्हणा. त्या कामाची मंडळी आपले तक्ते आणि रिपोर्ट तिथं ठेवत, रिपोर्टखाली एकमेकांना संदेश लिहीत. काम संपलं, माणसं सोडून गेली, तरी खोल्या तशाच राहत. त्या रिकाम्या करणं हे उत्कर्षाचं काम. डिलीट करायच्या आधी ती वहीत लिही: खोलीचा मालक कोण, आत कोण कोण आहे, शेवटचं कुणी कधी उघडलं, दुसरं काही त्यावर अवलंबून आहे का. मग संबंधितांना कळवायचं, प्रत काढून ठेवायची, पंधरा दिवस थांबायचं, आणि शेवटी सरांची सही. सही घेतल्याशिवाय ती बटणाला हात लावत नसे. सरांना या सहीचा वैताग येई, आणि त्यांचा वैताग बघून तिला जरा बरं वाटे.

जुलैमध्ये हैदराबादची मंडळी भागीदारीसाठी येणार असं ठरलं. त्यांना सगळी सिस्टीम उघडून दाखवायची होती. सरांनी एक्केचाळीस जुन्या वर्कस्पेसची यादी दिली आणि सांगितलं, महिनाअखेर यातली एकही दिसता कामा नये. चाळीस निघाल्या. एक राहिली. तिचं नाव ‘मापं महानंदा’.

पूर्वी कारखान्याच्या बायका शाळाशाळांत जाऊन एकेका मुलाचं माप घेत आणि टॅबवर भरत. उत्कर्षा इथं यायच्या आधीच ते बंद झालं होतं. आता वयाप्रमाणे ठरलेले साइज असत. महानंदाचं लॉगिन तीन वर्षांपूर्वी बंद केलेलं होतं आणि वर्कस्पेसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तरीही शेवटची नोंद गेल्या मंगळवारची होती. सकाळी अकरा दहाची.

एखादा टॅब कुठंतरी चालू राहिला असणार, असं म्हणून उत्कर्षा स्टोअरमध्ये गेली. स्टोअर सांभाळणाऱ्या सिद्धाप्पांनी कुलूप काढून दाखवलं. सहाच्या सहा टॅब खोक्यात होते, बॅटऱ्या फुगून पाठी उचकटलेल्या. महानंदाचं नाव ऐकल्यावर ते कुलूप लावताना इतकंच म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या की मॅडम.” 

तिनं लॉगिन बंद झाल्यानंतरच्या नोंदी उघडल्या. दीडशेच्या वर होत्या, सगळ्या मंगळवारच्या, सगळ्या एकाच मुलीच्या. गुरम्मा. सुरुवातीला उंची एकोणपन्नास इंच, छाती चोवीस, खांदा अकरा. शेवटी उंची सत्तावन्न, छाती साडेअठ्ठावीस, खांदा तेरा. कुणी खोटे आकडे भरत असेल तर ते सारखे वाढत जातात, हे उत्कर्षाला माहीत होतं. हे तसे नव्हते. चार चार महिने उंची तिथंच, मग एकदम अर्धा इंच. एका पावसाळ्यात कंबर इंचभर उतरलेली आणि पुन्हा हळूहळू भरलेली. मापं घेणाऱ्या बायकांसाठी शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो बहुतेक ठिकाणी कोरा होता. दोन-तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: “हलते. नीट उभी राहत नाही.”

तिला संताप आला. कुणीतरी आपल्याशी खेळतंय, आणि उद्या यावरूनही आपल्यालाच बोल लावणार. तिनं बाहेरून माहिती येण्याचा रस्ता बंद केला, जुने पासवर्ड बदलले. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता ती समोर बसून राहिली.

अकरा दहाला नवी ओळ उमटली. सगळे आकडे एकदम आले नाहीत. आधी उंची आली. मग थोडा वेळ काही नाही. मग खांदा. मग छाती, आणि तिच्यानंतर जरा जास्तच वेळ गेला. टेप काखेखालून मागे न्यायला, पुढे आणून दोन टोकं जुळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

दुपारी अर्धा दिवस रजा टाकून, महानंदाचा जुना पत्ता काढून ती विडी घरकुल वस्तीत गेली.

महानंदा चाळिशीची असेल. दारातच शिलाईचं मशीन, भोवती परकरांचे ढीग. नवरा पुण्याला वॉचमन, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. कारखान्याचं नाव काढताच तिनं मशीन थांबवलं. ती उठली नाही, बसा म्हणाली नाही. उत्कर्षानं उभ्या उभ्याच विचारलं, कंपनीच्या सिस्टीममध्ये तुम्ही अजून काही भरता का, गुरम्मा नावाच्या मुलीचं.

“माजी पोरगी हाय ती,” महानंदा म्हणाली. “सासूचं नाव ठेवलं हुतं. टॅब आले त्या मंगळवारी शिकायला म्हणून पयलं माप तिचंच घेतलं मी. तीन वर्सं झाली तिला जाऊन.”

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता. त्या जूनमध्ये महानंदाला नातेपुत्याला पाठवलं होतं, सहा शाळांची मापं घ्यायला. पोरगी नणंदेजवळ होती. ताप डोक्यात गेला. चौथ्या दिवशी महानंदा परत आली तेव्हा दवाखान्यात कॉट मोकळी झाली होती. कारखान्यात ती त्यानंतर पाऊल ठेवायला गेली नाही.

“तुम्ही कळवलं नव्हतं का ऑफिसला?”

“लिवलं हुतं की. रिपोर्टखाली. फोन करायचा न्हाय, जे काय ते हितंच लिवायचं, असा सरांचाच नियम हुता.” तिनं उत्कर्षाकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. “आता काय पुसाया आलाय? जावा तुमी.”

उत्कर्षानं जायला हवं होतं. पण तिच्यानं लपवून ठेववेना. तिनं सांगून टाकलं, दर मंगळवारी नोंद येते. मापं वाढतात.

महानंदा सुईखालचं कापड बोटानं सरळ करत राहिली. मग तिनं विचारलं, “बाही किती?”

उत्कर्षाला आठवत नव्हतं. महानंदानं मशीन पुन्हा सुरू केलं, इतक्या जोरात की पट्टा घसरला.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं त्याच वर्कस्पेसमधून नातेपुत्याचा रिपोर्ट शोधून काढला. खाली संदेश तसेच होते.

“सर, मुलीला खूप ताप आहे. नणंदेचा फोन आला. येऊ का?”

“दोन शाळा राहिल्यात. पूर्ण करून या.” हे पृथ्वीराज सरांचं.

दुसऱ्या दिवसाचा: “सर, दवाखान्यात नेलंय. येऊ का?”

“शाळा पूर्ण झालेल्या दिसत नाहीत.”

पुढं काही नव्हतं. उत्कर्षानं ते चार संदेश पुन्हा पुन्हा वाचले.  एक्केचाळीस खोल्यांची यादी, हैदराबादची मंडळी, महिनाअखेर, या सगळ्याचा अर्थ तिला आता लागला. चाळीस खोल्या या एकीसाठी झाडल्या होत्या, आणि झाडू तिच्या हातात दिला होता.

सोमवारी ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली की ही मी डिलीट करणार नाही. ती वापरात आहे. उद्या अकरा वाजता स्वतः बघा. सर हसले. मॅडम, प्रत्येक गोष्टीचा बाऊ करता तुम्ही, असं म्हणाले. त्या बाईनं काही कानात भरलंय का, असंही विचारलं. उत्कर्षानं संदेशांचा छापील कागद टेबलावर ठेवला. सरांनी तो वाचला नाही, पालथा घातला. पण मंगळवारी अकराला पाच कमी असताना ते तिच्या टेबलामागे येऊन उभे राहिले.

शिलाई विभागातून मशिनींचा एकसुरी आवाज येत होता. सरांच्या अत्तराचा वास तिच्या मानेवर होता.

अकरा दहा.

उंची, साडेसत्तावन्न.

खांदा, तेरा.

“कोण भरतंय हे?” सरांनी विचारलं.

छाती. कंबर. मधे मधे तेच थांबणं. बाही, आठ.

आता ओळ संपायला हवी होती. ती संपली नाही. शेऱ्याच्या रकान्यात खूण लुकलुकत राहिली आणि मग एकेक अक्षर उमटू लागलं, टॅबवर एका बोटानं लिहिणारं माणूस लिहितं तसं.

“येऊ का?”

सरांनी तिची खुर्ची मागे ओढली, तिच्यासकट. माउस हातात घेतला. डिलीट करताना सॉफ्टवेअर वर्कस्पेसचं नाव लिहायला सांगतं, चुकून काही जाऊ नये म्हणून. सरांनी नाव दोनदा चुकीचं लिहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. तीस दिवस परत आणता येतं, तीही सोय त्यांनी आत जाऊन काढून टाकली.

“झालं,” ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “वहीत लिहा. माझी सही घ्या.”

उत्कर्षानं लिहिलं. त्यांनी सही केली. प्रत तिनं सकाळी काढून ठेवली होती, आणि शेवटची ओळ, नाव टाईप होत होतं तेवढ्या वेळात, फोनमध्ये टिपली होती.

हैदराबादच्या मंडळींनी काय काय डिलीट केलं त्याची नोंद मागितली. तिनं निळी वही दिली, त्यात तो संदेशांचा कागद चिकटवून. त्यांच्यातल्या एकानं तो सावकाश वाचला, वही मिटली आणि चहात साखर मागितली. करार झाला. पेढे वाटले. उत्कर्षानं आपल्या वाट्याचा पेढा सरांच्या टेबलावर, त्यांच्या फायलीवर ठेवला आणि शेजारी राजीनामा ठेवला.

त्याच संध्याकाळी ती विडी घरकुलला गेली. संदेशांचे कागद पुढे केले. म्हणाली, तक्रार करायची तर मी बरोबर येते, साक्ष देते.

महानंदानं कागद परत सारले. “हे मला ठावं हाय,” ती म्हणाली. “मला माप द्या.”

उत्कर्षानं शेवटच्या ओळीची छापील पट्टी दिली. महानंदानं आकड्यांवरून बोट फिरवलं. बाहीपाशी थांबली. मग शेऱ्यावर आली. तिचे ओठ हलले, अक्षर लावून वाचावं तसे. परकरांचा ढीग तिनं पायानं बाजूला केला, कपाटातून निळं कापड काढलं आणि जमिनीवर पसरलं.

“ये की,” ती म्हणाली.

ती उत्कर्षाशी बोलत नव्हती.

उत्कर्षाला दुसरी नोकरी लागली. मंगळवारी अकराच्या सुमाराला तिचं लक्ष घड्याळाकडं जाई, पण तिथं बघायला काही उरलं नव्हतं. राग मात्र उतरला नव्हता. त्या रागातच तिनं तक्रारीचा अर्ज स्वतः लिहून काढला. महानंदाची नुसती सही हवी होती. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, साडेपाचच्या सुमाराला, ती तो घेऊन गेली.

महानंदा आत चहा ठेवत होती. तब्येत सुधारलेली वाटली. बसा म्हणाली, खुर्चीवरचे कपडे जरा बाजूला करा. खुर्चीवर निळा कुडता टाकलेला होता, कॉलरचा, सातवीतल्या मुलीच्या मापाचा. उत्कर्षानं तो उचलला. खालची दुमड उसवून कापड दोन बोटं सोडलेलं होतं. जुन्या घडीची रेघ फिकट दिसत होती.

“आखूड झाला का?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“दिवाळीपासनं,” महानंदा आतून म्हणाली. तिचा आवाज वैतागलेला होता, कुठल्याही आईचा असतो तसा. “अन् आल्या आल्या खुट्टीला लाव म्हनलं तर ऐकत न्हाय.”

उत्कर्षा कुडत्याची घडी घालू लागली. कॉलरच्या आत घामाची ओली रेघ होती. तिनं पाठीवरून हात फिरवला. कापड अजून कोमट होतं.