आघनी आइताचा अंगठा

पूरबीच्या यादीतलं एकही नाव आजवर गळलं नव्हतं आणि हे ती कुणालाही ऐकवायला तयार असे. शाळेच्या नोकरीबरोबर मतदारयादीचं काम गळ्यात पडलं तेव्हा बाकीचे शिक्षक कुरकुरले होते. पूरबीनं छत्री उचलली आणि नदीकाठचं एकेक अंगण पालथं घातलं. ब्रह्मपुत्रेनं काठ खाल्ला की घरं मागं सरकत, माणसं पांगत. नावं मात्र तिनं जागच्या जागी ठेवली होती.

यंदा यादीला आधार जोडायचं निघालं. सक्ती नाही, असं वरून कळवलं होतं. पण नाव एकदा गेलं की आपण इथलेच आहोत हे सांगत किती कचेऱ्या धुंडाळाव्या लागतात, ते आसामात कुणाला शिकवायला नको. त्यामुळे सकाळीच सगळं गाव शाळेच्या पडवीत रांगेला लागलं. जोरहाटहून हितेन नावाचा पोट सुटलेला ऑपरेटर यंत्र घेऊन फेरीबोटीनं आला होता. पूरबीनं सगळ्यांदेखत आधी स्वतःचा अंगठा काचेवर टेकवला. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"बघा, चावत नाही," ती म्हणाली.

तिच्यामागं तिची सासू होती, आघनी. अख्खं गाव तिला आइता, म्हणजे आजी म्हणे, कारण गावातल्या प्रत्येक कुंभारणीला तिनंच शिकवलेलं. इथं मडकं चाकावर होत नाही. एक हात आत, बाहेरून थापी, आणि हळूहळू मातीची भिंत वर चढवायची. आइता शिकवायची म्हणजे शिकणारीच्या हातावर आपला हात ठेवून गप्प बसायची. दुपारपर्यंत त्या हाताला आपोआप कळायचं. शिकली नव्हती ती एकटी सून. 'माझी सून खडू धरते,' असं आइता चारचौघांत तोऱ्यात सांगायची आणि मग उगाच सुस्कारा सोडायची.

आइताचा अंगठा काही उमटेना. हितेननं काच पुसली, बोट पुसलं, ओलं फडकं फिरवलं. दहाही बोटं झाली. डोळे दाखवले, तर त्यांवर मोतीबिंदूची साय.

"आजी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो."

"असतील कशा? मडक्यांत गेल्या," आइता म्हणाली. "आणि तुझ्या यंत्राला एवढी जितीजागती बाई दिसत नाही होय रे? पहिलं मत द्यायला नावेतनं प्रवाहाच्या उलट गेलेय मी. माझं नाव कोण कापतो ते बघतेच!"

"आई, दुपारी पुन्हा बघू," पूरबी म्हणाली.

पुढं पखिली आली. वीसेक वर्षं मडकी घडवणारी, आइताची सगळ्यांत लाडकी. तिचा अंगठा झटक्यात उमटला. हितेननं पडदा वाचला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आघनी?"

"मी पखिली! म्हातारी दिसते का मी तुम्हाला?"

रांगेत हशा पिकला. पण पखिलीची जाऊ आली, तिचाही अंगठा आघनीचा निघाला. तिच्यामागच्या तिघींचाही तसाच. पुरुषांची नावं बिनबोभाट निघत होती. अंगणवाडीतल्या बाईनं कधी मातीला हात लावलेला नव्हता, तिचंही नाव सरळ तिचंच निघालं. आइताच्या मातकट हाताचा ठसा काचेवर राहिला असेल, पूरबीनं मनाशी हिशेब मांडला. पण ज्या बोटाला रेषाच नाहीत त्याचं काचेवर राहणार तरी काय? हितेननं पिशवीतलं दुसरं यंत्र काढलं, जोडलं. त्यातही आघनीच. कुणीतरी पुढं केलेलं सुपारीचं तामूल-पान त्यानं हातात नुसतंच धरून ठेवलं.

बायकांना मात्र कोण आनंद! "यंत्राला कळतंय बाई," पखिली म्हणाली, "आमचा हात आइताचाच आहे." एकजण तर आपल्या नवऱ्याला हाताला धरून पडद्यापाशी घेऊन आली.

"खिदळताय काय?" पूरबी कडाडली. "एवढ्या जणी एका नावात गेल्या, तर बाकीची नावं गेली समजा."



बाकावर बसलेल्या आइतानं तामूल गालात सारलं. "जातात कशी? या गं इकडं, एकेक."

तिनं पखिलीचा हात हातात घेतला, अगदी शिकवताना घ्यायची तसा. फक्त या वेळी तिचा हात खाली होता आणि पखिलीचा वर. बाहेर ऊन होतं, अंगण कोरडं ठणठणीत होतं, तरी पूरबीला ओल्या मातीचा वास आला. पखिलीनं हात सोडवून घेतला आणि मुंग्या आल्यासारखा झटकला.

"हलका झाला," ती हळूच म्हणाली.

तिनं अंगठा टेकवला. हितेननं वाचलं, "पखिली."

मग सगळ्या जणी ओळीनं आइतापुढं बसल्या आणि ओळीनं आपापल्या नावाच्या झाल्या. कुणी हसलं नाही.

राहिली एकटी आइता. तिचा अंगठा ठेवला की काच कोरीच राही. घाटावर बोटीचा भोंगा वाजला.

"एखादं नाव राहतंच हो बाई," हितेन सामान आवरत म्हणाला.

"राहतं? माझ्या यादीत?"

पूरबीनं खांद्यावरच्या गामोशानं सासूचा हात पुसायला घेतला. पुसला, पुन्हा पुसला. तो ओलाच होता. आणि जड होता, एवढ्याशा म्हातारीच्या मानानं फारच जड.

आइतानं तिचं मनगट धरलं.

"माझ्या एकटीच्यानं एवढे हात पेलायचे नाहीत. कुणाला तरी द्यायला हवेत. घेशील?"

पूरबीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण नाव राहू द्यायचं नव्हतं.

"घेते," ती म्हणाली.

गार काहीतरी तिच्या कोपरापर्यंत चढत गेलं.

आइतानं अंगठा टेकवला. हिरवी खूण. आघनी.

पडवीत टाळ्या पडल्या. हितेननंसुद्धा वाजवल्या. यादी पुरी झाली होती आणि पूरबीचा ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. आइता अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अंगठा दाखवत होती. त्यावर तान्ह्या बाळाच्या असाव्यात तशा बारीक रेषा होत्या. पूरबी लाल चहाचा पेला घेऊन बाहेर आली, तेव्हा काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. कुठल्याच अंगणातून थापीचा आवाज येत नव्हता.

पखिलीच्या दारात मातीचा गोळा बसका होऊन पडला होता. पखिली त्याच्याकडे नुसती बघत होती.

"येत नाही," ती म्हणाली. "कुणालाच येत नाहीये."

पूरबी खाली बसली. एक हात आत घातला, दुसऱ्यानं थापी उचलली.

माती वर चढली. पातळ, सारखी, गळ्याशी हलकेच आत वळलेली. असा अभिमान तिला कुठल्याच यादीनं दिला नव्हता.

मग तिनं अंगठ्यावरची माती पुसली. खालची कातडी गुळगुळीत होती.

तोवर बायका भोवती जमल्या होत्या. मागं आइता काठी टेकून उभी होती, ताठ मानेनं सुनेकडं बघत.

"बाई," पखिली म्हणाली, "माझ्या हातावर हात ठेवा ना. दुपारपर्यंत येईल मला."

निवडणूक जवळ आली होती. अंगठे पडताळायला यंत्र पुन्हा येणार, हे पूरबीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं हात ठेवला.

तिच्या तळव्याखाली पखिलीचा हात थोडा वेळ धडपडला. मग शांत झाला, आणि थापी बरोबर पडायला लागली.