एमिलीच्या कबरीवरचा ट्रम्पेट

"सगळ्या गावाला तू वाजवत पोचवलंस, पप्पा... फक्त माझ्या आईलाच नाही!"

मृतांच्या स्मरणदिनी एमिलीच्या कबरीवर मेणबत्ती लावून जॉयसने वडिलांपुढे त्यांचाच ट्रम्पेट धरला आणि गावच्या लग्नांत, अंत्ययात्रांत तो वाजवत आलेल्या ॲन्सेल्मच्या काळजाचं पाणी पाणी झालं! आईच्या अंत्ययात्रेत त्याने वाजवलं नाही म्हणून चार वर्षं लेकीने अबोला धरला होता. बोळिंजला खोली घेऊन ती नर्सची नोकरी करत होती. आज आपणहून आली, तीही एवढं एकच मागायला.

काय सांगणार होता तो बापडा? टाळेबंदीत लग्नं थांबली, बँड बंद पडला, वाजवणाऱ्यांची साधी विचारपूस करायलाही कोणी फिरकलं नाही... आणि जॉयसचं नर्सिंगचं शिक्षण तर अर्ध्यावर होतं! तेव्हा 'गोदामात लागलो' असं लेकीला सांगून तो कोविड वॉर्डात ऑक्सिजनचे सिलिंडर वाहू लागला. खरं फक्त एमिलीला ठाऊक होतं. तिथूनच त्याने दुखणं घरी आणलं; तो वाचला, एमिली गेली! आपल्या शिक्षणापायी आई गेली, हे पोरीला कळलं तर तो सल तिला जन्मभर जाळेल... त्यापेक्षा बाप वाईट ठरलेला बरा, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

"आज तरी वाजव ना रे!"

त्याने ट्रम्पेट ओठांना लावला. गाल फुगले, पण नुसतीच हवा फुसफुसली आणि खोकल्याची उबळ आली. जॉयसने घाबरून त्याच्या पाठीला कान लावला, आणि ती जागच्या जागी थिजली. पेशंटच्या छातीतला असला आवाज ती रोज ऐकत होती.

"पप्पा... कधीपासून?"

"तुझी आई गेली तेव्हापासून. दमच उरला नाय गो, बाय."

"आणि मी तुला दगड म्हटलं!" हुंदके देत ती त्याच्या गळ्यात पडली. "पण तुम्हा दोघांना हे लागलं तरी कुठून?"

ॲन्सेल्मने कबरीकडे पाहिलं.

"बाजारातून, बाय... मासळी आणायला गेलो होतो ना मी," एवढंच तो बोलला.

जॉयसने डोळे पुसले आणि ट्रम्पेट स्वतःच्या ओठांना लावला. लहानपणी ती फुंकायची आणि बटणं तो दाबायचा... त्याची बोटं पुन्हा त्या बटणांवर गेली. सूर फाटका निघाला, पण अंत्ययात्रेचं ते गीत ओळखू आलं. शेजारच्या कबरींपाशी बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली.

त्याच्याशिवाय खरं काय ते एकट्या एमिलीला ठाऊक होतं... आणि तिला तर त्या दोघांनी आत्ताच निरोप दिला होता.